तो ‘हो’ कुणाचा होता?

पत्र थोडं कमी करून देते, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

“ताई, मी ३४ वर्षांची आहे, ऑफिसमध्ये अकाउंट्स बघते. तीन महिन्यांपूर्वी माझं पाकीट ड्रॉवरमधून चोरीला गेलं असं मला वाटलं. टीममध्ये एक नवीन मुलगी आलेली, त्या समाजातली. माझ्या तोंडून सगळ्यांसमोर निघून गेलं की आधी तिला विचारा, ती लोकं अशीच असतात. मॅनेजर म्हणाले, खात्री आहे? मी म्हटलं हो. मग तिला बॅग टेबलावर रिकामी करायला लावली. ती एकेक वस्तू काढून ठेवत होती आणि आम्ही आठजण बघत होतो. दोन दिवसांनी पाकीट माझ्याच गाडीत सीटखाली सापडलं. मॅनेजरना हळूच सांगितलं तर म्हणाले जाऊ दे, विषय वाढवू नका. तिला कुणी काही सांगितलं नाही. आमच्या घरात लहानपणापासून हेच ऐकलंय. आजी म्हणायची, त्यांच्यापासून चार हात लांब राहायचं. बाबा अतिशय प्रेमळ, कुणाच्याही मदतीला धावतात, पण हा विषय निघाला की वेगळेच होतात. धाकटी बहीण कॉलेजला गेल्यापासून यावरून त्यांच्याशी भांडते, मी कधी त्यात पडले नाही. मैत्रीण म्हणते तू तुझ्या वातावरणाचं प्रॉडक्ट आहेस, स्वतःला त्रास करून घेऊ नको. नवरा म्हणतो सोड. पण मागच्या आठवड्यात माझा ६ वर्षांचा मुलगा म्हणाला, आई, ती लोकं चोर असतात ना? त्या रात्री झोप लागली नाही. यात दोष माझा की माझ्यावरच्या संस्कारांचा? आता माफी मागून उपयोग आहे का? आणि बाबांचं काय करू?”

ताई म्हणून लिहिलंयस तर तुला तूच म्हणते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट बोचली ती आधीच सांगून टाकते. आजी कशी होती ते पत्रात आहे, बाबा कसे आहेत ते आहे, बहीण, मैत्रीण, नवरा, मुलगा सगळे आहेत, पण जिची बॅग रिकामी झाली तिच्याबद्दल फक्त दोन शब्द आहेत, ‘त्या समाजातली’. ती काय काम करते, त्या दिवसानंतर कशी वागते, डबा कुणाबरोबर खाते की एकटी खाते, काहीच नाही. नाव तू मुद्दाम टाळलं असशील, तेवढं बरोबरच आहे. पण नावाशिवायही माणूस पत्रात येऊ शकतो ना, तुझे बाबा आलेच की. हे तुला टोचायला नाही सांगत, पण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतंय म्हणून सांगतेय.

आता संस्कारांचं. आपण संस्कार हा शब्द फक्त चांगल्याच गोष्टींसाठी वापरतो, पण बाळकडू कडूच असतं आणि ते पाजताना बाळाला कुणी विचारत नाही, त्यामुळे तुझ्या डोक्यात हे कुणी भरलं असं विचारशील तर हो, घरानेच भरलं, आणि त्यात तुझा काडीचाही दोष नाही. किती लहानपणी सुरू होतं हे बघ. २००६ मध्ये याइर बार-हाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, त्यात फक्त ३ महिन्यांच्या बाळांना काळ्या आणि गोऱ्या माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते. इथिओपियात वाढणारी बाळं काळ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत होती, इस्रायलमधली गोऱ्या कुटुंबातली बाळं गोऱ्या चेहऱ्यांकडे. पण तिसरा गट होता इथिओपियातून इस्रायलमध्ये आलेल्या कुटुंबांच्या बाळांचा, त्यांच्या आजूबाजूला रोज दोन्ही प्रकारचे चेहरे असायचे, आणि ही बाळं दोन्हींकडे सारखीच बघत होती. म्हणजे हे रक्तात नव्हतं, रोज डोळ्यासमोर कोण येतं त्यात होतं. आणि हेही लक्षात घे की ती बाळं कुणाचा द्वेष करत नव्हती, ओळखीचं बघत होती एवढंच. ओळखीचे ते चांगले आणि अनोळखी ते चोर हे पुढचं सगळं मोठी माणसं शिकवतात, जेवताना, टीव्ही बघताना, शेजाऱ्यांशी बोलताना, आणि शिकवतोय हे त्यांना बहुतेक वेळा माहीतही नसतं.

तर मैत्रीण म्हणते ते खोटं नाहीये. पण तिचं वाक्य जरा नीट बघ. तू वातावरणाचं प्रॉडक्ट आहेस, म्हणजे तुम्ही लोकं अशीच घडलात, म्हणजे तू अशीच असणार. हे वाक्य तू आधी कुठे ऐकलंयस? तुझ्याच तोंडून, त्या ऑफिसात. ‘ती लोकं अशीच असतात’ आणि ‘आमच्यावर संस्कारच तसे झाले’ ही दोन्ही वाक्यं एकाच साच्यातली आहेत, माणसाने काय केलं हे त्या माणसाला न विचारता तो कुठून आला यावर सांगून मोकळं व्हायचं. पहिलं वाक्य तिला चोर ठरवतं, दुसरं तुला सोडवतं, फरक एवढाच. आणि जर पहिलं चुकीचं असेल, ते तर तुला गाडीच्या सीटखालीच कळलं, तर दुसऱ्याच्या आधाराने तुला झोप कशी लागेल. पाकीट गेलं तेव्हा खापर तिच्या डोक्यावर फोडलंस, आता आजीच्या डोक्यावर फोडायचं चाललंय. आजीने लावलेली सवय ती खरीच, पण त्या दिवशी ऑफिसात आजी नव्हती.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ सांगू? मॅनेजरनी विचारलं खात्री आहे, तू म्हणालीस हो. हे तू अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलीस, पण मी तिथेच अडकले. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया डिवाइन यांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं की ज्यांच्या मनात काळ्या लोकांविषयी पूर्वग्रह जास्त आहे आणि ज्यांच्या मनात कमी आहे अशा दोन्ही प्रकारच्या गोऱ्या लोकांना समाजात चालणारे ते घाणेरडे समज सारखेच माहीत असतात. सारखेच! कुणाच्याही मनाची पाटी कोरी नसते. फरक कुठे पडतो तर विचार करायला सवड मिळते तिथे, कमी पूर्वग्रह असलेली माणसं आपोआप आलेला समज बाजूला सारतात आणि स्वतःला पटलेलं पुढे आणतात, आणि त्यासाठी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात, जसं एखादी जुनी सवय मोडायला लागतात.

आता तुझ्याकडे बघ. पाकीट दिसेना तेव्हा पहिल्या क्षणाला तिचं नाव मनात आलं, ते आजीचं, बाबांचं, आख्ख्या गोतावळ्याचं. ते तोंडातून निघालं तेव्हाही घाबरलेली होतीस, गोंधळलेली होतीस असं धरू. पण नंतर एका माणसाने तुला थांबवून विचारलं, खात्री आहे का म्हणून. तिथे सवड होती, दोन सेकंदांची का असेना, आणि खात्री तुला नव्हती, कारण तू काहीच पाहिलेलं नव्हतंस. तो ‘हो’ आजीचा नव्हता गं, तो तुझा होता. दोष माझा की संस्कारांचा या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे, की मनात आलेला विचार संस्कारांचा, तो ‘हो’ तुझा, आणि पाकीट सापडल्यावर गेले तीन महिने जे गप्प बसणं चाललंय तेही तुझं. मॅनेजरचंही आहे, उरलेल्या टीमचंही आहे, बॅग रिकामी करायला लावायचा अधिकार त्यांना कुणी दिला हा प्रश्न त्यांना कुणीतरी विचारायला हवा, पण पत्र तू लिहिलंयस म्हणून मी तुझ्याशी बोलतेय.

हे ऐकायला जड आहे मला माहितीये. पण यात दिलासाही आहे, कारण सगळं संस्कारांनीच केलं असतं तर तुझ्या हातात काहीच उरलं नसतं. तुझी बहीण बघ ना! तीच आजी, तेच बाबा, तेच घर, जेवायला बसताना चालणाऱ्या त्याच गप्पा, आणि ती मात्र कॉलेजपासून भांडतेय. म्हणजे त्या घरातून दुसराही रस्ता निघत होता. ती तुझ्यापेक्षा थोर आहे असं नाही म्हणत मी. कॉलेजला गेल्यापासून असं तू लिहिलंयस, तर तिथे तिला कोण भेटलं, कुणाबरोबर ती अभ्यासाला बसली, खोलीत राहिली, हे तिला विचारून बघ एकदा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की वेगवेगळ्या गटांतली माणसं बरोबरीच्या नात्याने, एकाच कामासाठी, एकमेकांच्या मदतीने एकत्र आली आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा असला की पूर्वग्रह कमी होतो, आणि २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा बहुतेकांत तेच दिसलं. तर बहिणीला कदाचित चांगली सोबत मिळाली असेल, त्यात नशिबाचा भाग असतोच. पण तुझ्याही टीममध्ये ती मुलगी आली होतीच ना, बरोबरीच्या नात्याने, एकाच कामासाठी. सोबत तुझ्या टेबलापर्यंत चालत आलेली होती.

आणि याहून कितीतरी घट्ट वेढ्यातून माणसं बाहेर पडलीयत. अमेरिकेतली मेगन फेल्प्स-रोपर ही तिच्या आजोबांनी काढलेल्या, द्वेषासाठी कुप्रसिद्ध असलेल्या चर्चमध्ये वाढली, ५ वर्षांची असल्यापासून निदर्शनांमध्ये उभी राहायची. ट्विटरवर काही अनोळखी लोक तिच्याशी चिडून न जाता बोलत राहिले, तिच्या बोलण्यातला विरोधाभास दाखवत राहिले, आणि २०१२ मध्ये २६ व्या वर्षी ती बाहेर पडली. त्यात आई-बाप तुटले तिचे. तुला एवढी किंमत मोजायची नाहीये, तुला फक्त एका खोलीत जाऊन दोन-चार वाक्यं बोलायची आहेत.

तर माफी. उपयोग आहे का विचारतेस, पण उपयोग कुणाला? तुला झोप लागावी म्हणून मागायची असेल तर नको मागूस, खरंच सांगते. पण तिच्या बाजूने बघ, तीन महिने ती अशा सात-आठ माणसांमध्ये रोज काम करतेय ज्यांच्यासमोर तिच्यावर चोरीचा आळ आला आणि तो खोटा होता हे कुणी बोललंच नाही. तिला पाकीट सापडल्याचं माहीतच नसेल तर तिला वाटत असेल की हे सगळे अजूनही मला चोर समजतात, आणि काहीजण समजतही असतील! हे थांबवणं फक्त तुझ्या हातात आहे.

आधी तिला एकटीला गाठ, बोलायला वेळ आहे का विचारून. पाकीट माझ्या गाडीत सापडलं, दोनच दिवसांत सापडलं, मी तीन महिने सांगितलं नाही, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला तो तू कोण आहेस यावरून घेतला आणि हे फार चुकीचं केलं, मला माफ कर. बस. शेवटचा भाग गाळू नकोस, ‘तू कोण आहेस यावरून’, तो गाळलास तर उरतो नुसता गैरसमज, आणि गैरसमज नव्हता तो, हे तिला तुझ्याआधी कळलेलं आहे. तिथे आजीची गोष्ट काढू नको, बाबांची काढू नको, माझं बालपण असं होतं वगैरे अजिबात नको, ते ऐकून घेणं तिचं काम नाही. रडू आलं तर गीळ, कारण तू रडलीस की तिलाच तुझी समजूत काढावी लागेल. ती गप्प बसली तर गप्प बसू दे, चिडली तर चिडू दे, माफ नाही करणार म्हणाली तर तो तिचा हक्क आहे आणि नंतर कुणाजवळ ‘मी माफी मागितली तरी ती अशी वागली’ असं चुकूनही बोलू नको, कारण तिथून ‘ती लोकं अशीच’ एक पाऊल लांब असतं.

मग दुसरा भाग, जो तुला जास्त जड जाईल. आळ सगळ्यांसमोर घेतलास तर तो परतही सगळ्यांसमोरच घ्यायचा. कोपऱ्यात मागितलेल्या माफीने तिचं नाव साफ होत नाही. तेच लोक, शक्य झालं तर तीच खोली, आणि पाकीट माझ्याकडेच होतं, हिच्यावर मी खोटा आळ घेतला, असं सरळ. पण हे करण्याआधी तिला विचार की ती तिथे असायला हवी का, तिला कसं चालेल, कारण पुन्हा एकदा सगळ्यांच्या नजरा तिच्यावर वळणार आहेत आणि मागच्या वेळी तिला कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली मी रजेवर असताना सांगा, तर तसं सांग. मॅनेजर विषय वाढवू नका म्हणतील, त्यांना लेखी मेल कर, पाकीट कुठे सापडलं आणि कधी, म्हणजे पुढेमागे तिच्याविरुद्ध ही गोष्ट कुणी काढली तर कागद असेल. यात तुझी ऑफिसमधली इज्जत कमी होईल थोडी. होऊ दे. तिची तर न केलेल्या गोष्टीसाठी गेली होती.

बाबांचं. प्रेमळ माणूस आणि हा विषय निघाला की वेगळाच माणूस, हे दोन बाबा नाहीत, एकच आहेत, आणि त्यांच्यावर प्रेम करणं थांबवायची गरज नाही. पण बहिणीसारखं वाद घालून तुला जमेल असं वाटत नाही, तो तुझा स्वभाव दिसत नाही. तू त्यांना ही गोष्ट सांग. पाकिटाची, बॅगेची, ती एकेक वस्तू काढत होती त्याची, सगळी, आणि स्वतःला वाचवून न सांगता. २०१६ मध्ये ब्रुकमन आणि काला या दोघांचा मायामीमधला एक अभ्यास छापून आला, त्यात घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी लोकांशी साधारण १० मिनिटं ट्रान्सजेंडर माणसांविषयी बोलणं केलं, भाषण न देता, वाद न घालता, तर लोकांनाच विचारून की तुम्हाला कधी कुणी वेगळं म्हणून जोखलंय का, आणि तेवढ्यानेही लोकांच्या मनात जो फरक पडला तो निदान तीन महिने टिकला. तर बाबांना तेच विचार. बाबा, तुम्हाला कधी कुणी न ओळखता वाईट ठरवलंय का? प्रत्येक माणसाकडे अशी एक तरी आठवण असते, आणि ते बोलायला लागले की मध्ये बोलू नको. एका दिवसात बदलणार नाहीत, कदाचित कधीच नाही बदलणार. पण एक गोष्ट तू आजपासून ठरवू शकतेस, की नातवासमोर हे बोलायचं नाही, आणि बोलले तर तू हसणार नाहीस, मान हलवणार नाहीस, ‘बाबा, मला हे पटत नाही’ म्हणशील, मुलाला ऐकू येईल एवढ्या आवाजात. तू कधी त्यात पडले नाही म्हणतेस ना, पण मुलाच्या बाजूने बघितलं तर तू त्यात होतीसच, गप्प बसून.

कारण मुलं ऐकण्यापेक्षा बघतात जास्त. इटलीत लुइजी कास्टेली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बालवाडीच्या वयातल्या मुलांना एका गोऱ्या माणसाचा काळ्या माणसाशी बोलतानाचा व्हिडिओ दाखवला. तोंडाने काय बोललं जातंय याचा मुलांवर फारसा परिणाम झाला नाही, पण अंग चोरून बसणं, नजर टाळणं, लांब राहणं हे मुलांनी बरोबर टिपलं आणि त्यावरून त्या काळ्या माणसाविषयी मत बनवलं. हे वाचलं तेव्हा मला माझा एक बसमधला प्रवास आठवला, कितीतरी वर्षं झाली त्याला. शेजारच्या सीटवर एक माणूस येऊन बसला आणि मी काही विचार न करता पर्स उचलून दुसऱ्या बाजूला घेतली, मांडीवर घट्ट धरली. तो पाच मिनिटांनी उठला आणि सीट मोकळी असताना उरलेला सगळा प्रवास उभा राहिला. माझी मुलगी खिडकीत होती, घरी आल्यावर तिने विचारलं, आई, तो काका वाईट होता का? मी म्हटलं नाही गं, झोप आता. त्या प्रश्नाचं खरं उत्तर तिला द्यायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली आणि त्या माणसाला तर ते कधीच देता येणार नाही, कारण तो कोण होता मला माहीतच नाही. तुझ्या हातात दोन्ही आहे, ती मुलगी रोज तुझ्यासमोर बसते आणि तुझा मुलगा अजून सहाच वर्षांचा आहे.

त्याने विचारलं तेव्हा तू काय उत्तर दिलंस ते लिहिलेलं नाहीस. काही दिलं नसशील तर आता दे. सगळे सारखे असतात वगैरे नको सांगू, सहा वर्षांच्या मुलाला त्यातून काही कळत नाही. आईचं पाकीट हरवलं होतं, आईने एका मावशीला चोर म्हटलं, तिने घेतलंच नव्हतं, ते आपल्या गाडीतच होतं, आईने फार मोठी चूक केली आणि तिची माफी मागितली, असं सांग. फक्त हे शेवटचं वाक्य खरं झाल्यावरच सांग, म्हणजे ऑफिसचं काम आधी.

आणि नंतर मला लिही. ती काय म्हणाली ते लिही, काहीच बोलली नाही तरी तसं लिही. तिचं नाव नको, पण या वेळी ती पत्रात असू दे.